करच नाही, तर सवलत कशातून? यूएईतल्या गारव्याचा हिशेब



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या घरांत दोन विषय ठरलेले असतात. पहिला, सुट्टीत भारतात कधी जायचं आणि तिकिटं किती महागली. दुसरा, ‘देवा’चं बिल. दुबईत नव्याने आलेल्यांसाठी सांगते, हा देव्हाऱ्यातला देव नव्हे. ही दुबई इलेक्ट्रिसिटी अँड वॉटर ऑथॉरिटी. पण ऑगस्टचं बिल हातात पडलं की आठवण मात्र खऱ्या देवाचीच होते.

अशाच गप्पांत कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाचा किंवा मेहुण्याचा विषय निघतो. त्याने माळ्यावर इन्सुलेशन भरून घेतलं, जुन्या खिडक्या बदलल्या, आणि खर्चातला काही भाग सरकारने त्याच्या आयकरातून सोडून दिला. याला तिकडे टॅक्स क्रेडिट म्हणतात. आपल्याकडे भारतात उत्पन्नातून वजावट मिळते, तसं हे नाही. इथे जो कर भरायचा असतो त्यातूनच सरळ तेवढे पैसे वळते होतात. मग कुणीतरी विचारतं, “आपल्या यूएईत असं काही का नाही?”

लगेच सुचणारं उत्तर सोपं आहे. इथे पगारावर आयकर नाही. करच नाही, तर सवलत कशातून देणार? पण मंडळी, हे उत्तर अर्धंच आहे. घर कमी विजेत गार राहावं यासाठी इथल्या सरकारांनीही बरंच काही केलं, फक्त रस्ता वेगळा धरला. तो रस्ता कसा ठरला आणि त्यात आपण भाडेकरू कुठे बसतो, ते आज पाहू.

सुरुवात विजेच्या आधीपासून करू. बर दुबईच्या अल फहिदी भागात तुम्ही पाहुण्यांना घेऊन गेला असालच. जुने लोक त्याला अजून बस्तकियाच म्हणतात. इराणच्या दक्षिणेकडील बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे घरं बांधली, म्हणून ते नाव. त्या घरांवरचे उंच चौकोनी मनोरे म्हणजे बरजील. मनोरा वरून चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत तिरप्या भिंतींनी त्याचे भाग पाडलेले असतात. वारा कुठूनही आला तरी एका बाजूने तो खाली खोलीत उतरतो, आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा वर निघून जाते. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या आणि जाड. गल्ल्या मुद्दाम अरुंद, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्यावर पडते.

गरीब लोक मात्र खजुराच्या झावळ्यांच्या घरांत राहत. त्याला अरीश म्हणतात. झावळ्यांतून वारा आरपार जातो. ज्यांना जमे ती कुटुंबं कडक उन्हाळ्यात किनारा सोडून अल ऐन, लिवा अशा खजुराच्या बागांकडे जात, आणि बाकीचे गच्चीवर झोपत. आपल्या कोकणातल्या घराची पडवी, सारवलेली जमीन, देशावरच्या वाड्याच्या हातभर जाड भिंती आणि वाळ्याचे पडदे आठवा. गारवा मिळवायची अक्कल तीच. तिला मासिक बिल नव्हतं. पण त्या गारव्यालाही मर्यादा होती. बरजीलच्या खोलीत ऑगस्टची दुपार सुसह्य होई, गार होत नसे. म्हणून जुन्या काळाचं फार कौतुक करण्यातही अर्थ नाही.

दुबईत वीज कंपनी निघाली १९५९ साली, शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांच्या काळात. त्यावेळी इथल्या बाजारात भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता. तेल सापडलं १९६६ साली, आणि १९६९ पासून ते बाहेर जाऊ लागलं. डिसेंबर १९७१ मध्ये अमिराती एकत्र येऊन यूएई हा देश झाला.

आता येतं ते वर्ष, जिथून आपला प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. १९७३.

त्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध चालू होतं. १७ ऑक्टोबरला अरब तेलमंत्र्यांनी उत्पादन घटवायचं ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी अबू धाबीने अमेरिकेचं तेल बंद केलं. तसं जाहीर करणारं ते पहिलं अरब राज्य. इतर देश मागोमाग आले. जानेवारी १९७४ पर्यंत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला.

या एका घटनेने जगाच्या दोन टोकांना घरं बदलली. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, घर गरम ठेवायचा खर्च वाढला. अध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि थर्मोस्टॅट खाली ठेवा म्हणून सांगू लागले. मग १९७८ साली तिथे ऊर्जा कर कायदा झाला. घराला इन्सुलेशन केलं, फटी बुजवल्या, तर पहिल्या २,००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर करातून माफ. तुमच्या मेहुण्याच्या सवलतीची ही आजी.

आणि आपल्या टोकाला? इथे त्याच तेलाचा पैसा आला. बंदरं, रस्ते, इस्पितळं, शाळा आणि हजारो इमारती उभ्या राहू लागल्या. त्या बांधायला, त्यांचे हिशेब ठेवायला, त्यात दवाखाने चालवायला मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पुणे, नागपूर इथून माणसं आली. आपल्यातली बरीच कुटुंबं त्या लाटेवरच इथे पोचली. म्हणजे अमेरिकेत ज्या भाववाढीने भिंतीत इन्सुलेशन घातलं, त्याच भाववाढीने आपल्याला इन्सुलेशन नसलेल्या भिंतींत आणून बसवलं.

कारण इमारती घाईने बांधल्या जात होत्या आणि वीज स्वस्त होती. सिमेंटचे पोकळ ब्लॉक, त्यावर गिलावा, एकेरी काच आणि प्रत्येक खोलीत एक विंडो एसी. बरजील विसरला गेला, कारण त्याची गरजच उरली नव्हती.

मी लग्न होऊन १९८८ साली शारजात आले. रोला भागात आमचं घर होतं, पश्चिमेकडे तोंड असलेलं. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी कोमट लागायची. सिमेंटचा ब्लॉक दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो, हे मला तेव्हा कळलं. एसीच्या भोवती खिडकीत चार बोटांची फट होती. आम्ही तिच्यात वर्तमानपत्र कोंबून वरून चिकटपट्टी मारायचो. एकदा नातूरकडून मालकाला निरोप पाठवला की खिडकी जरा नीट बसवून द्या. उत्तर आलं, “खिडकी बदलणार नाही. हवं तर घर बदला.” ते वाक्य मी विसरले नाही, आणि आजच्या सगळ्या गोष्टीचं सारही त्यातच आहे.

दुबईत वीज कंपनी आणि पाणीखातं एकत्र होऊन ‘देवा’ झाली ती १ जानेवारी १९९२ ला. शहर वाढत होतं, आणि उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वीज नुसत्या गारव्यावर जात होती. शेवटी सरकारने भिंतीकडे पाहिलं. २००३ साली दुबई नगरपालिकेच्या ६६ क्रमांकाच्या प्रशासकीय ठरावाने नव्या इमारतींना उष्णतारोधक थर घालणं बंधनकारक झालं. अबू धाबीत २०१० पासून ‘इस्तिदामा’ या कार्यक्रमाखाली ‘पर्ल’ मानांकन आलं. नव्या इमारतीला किमान एक पर्ल हवाच, सरकारी इमारतीला दोन. दुबईत हरित इमारतींचे नियम आधी सरकारी इमारतींना लागू झाले, आणि मार्च २०१४ पासून सगळ्या नव्या इमारतींना. तोच काळ एसीवर ताऱ्यांची पट्टी येण्याचा. भारतातही खोलीच्या एसीवर तारे सक्तीचे झाले ते २०१० सालापासून. १ जुलै २०१४ पासून यूएईत जुन्या पिवळ्या बल्बची आयात थांबली.

इथे सवलतीचं आमिष नव्हतं, नियम होता. अमेरिकेने घरमालकाला सांगितलं, “तू घर सुधार, मी करातून थोडे परत देते.” इथल्या सरकारांनी बांधणाऱ्याला सांगितलं, “असं बांधलं तरच परवाना.”

दुसरं हत्यार होतं दर. दुबईत मार्च २००८ मध्ये टप्प्यांचे दर आले आणि जानेवारी २०११ मध्ये ते वाढले. घरगुती वापराला पहिल्या २,००० युनिटना २३ फिल्स, पुढच्या २,००० ला २८, त्यापुढच्या २,००० ला ३२, आणि ६,००० च्या वर ३८. त्यावर इंधन अधिभार, आणि २०१८ पासून ५ टक्के व्हॅट.

कागद-पेन्सिल घ्या, एक उदाहरण करू. समजा एखाद्या व्हिलात जुलैमध्ये ५,००० युनिट जळले. पहिल्या टप्प्याचे ४६० दिरहॅम, दुसऱ्याचे ५६०, उरलेल्या १,००० युनिटांचे ३२०. एकूण १,३४०, अधिभार वेगळा. आता गच्चीवर इन्सुलेशन आणि नीट बसवलेल्या खिडक्यांमुळे समजा १,००० युनिट वाचले. वापर पाचवा हिस्सा कमी झाला. पण वाचले सर्वात महागड्या टप्प्यातले ३२० दिरहॅम, म्हणजे बिलाचा जवळजवळ चौथा हिस्सा. टप्प्यांच्या दरात वाचवणाऱ्याला त्याच्या वाट्यापेक्षा थोडं जास्त मिळतं. करसवलतीचं काम इथे बिलच करतं.

अबू धाबीत परदेशी रहिवाशांसाठी विजेचा दर बरीच वर्षं युनिटला १५ फिल्स होता. जानेवारी २०१५ मध्ये तो २१ झाला. २०१७ पासून फ्लॅटमध्ये दिवसाला २० युनिटपर्यंत २६.८ फिल्स आणि त्यावर ३०.५. बिलावर हिरवा आणि लाल पट्टा असतो, तो हाच. नागरिकांना दर बराच कमी आहे. त्यात लपवाछपवी काही नाही, तो त्यांच्या सरकारचा त्यांच्याशी असलेला करार आहे. पण त्यामुळे विजेच्या दराची धार कुणाला जास्त लागते, हे आपण ओळखून असावं.

तिसरी वाट सूर्याची. २०१५ मध्ये ‘शम्स दुबई’ सुरू झालं. छपरावर पॅनेल बसवा, उरलेली वीज जाळ्यात सोडा, ती पुढच्या बिलांत वळती होईल. रोख पैसे मिळत नाहीत. आणि २०१३ मध्ये ‘देवा’ने इतिहाद एस्को काढली. तिचं काम जुन्या इमारती सुधारण्याचं, २०३० पर्यंत ३०,००० इमारतींचं लक्ष्य ठेवून. सुधारणेचा खर्च पुढे वाचणाऱ्या बिलातून फेडायचा, अशी ती पद्धत. सरकारी कार्यालयं, मोठे संकुल यांना ती सोयीची आहे.

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग माझं बिल का उतरत नाही?

कारण, मंडळी, भिंत एकाची आणि बिल दुसऱ्याचं. मालकाने खिडकी बदलली तर खर्च त्याचा आणि बचत तुमची. तो का बदलेल? तुम्ही बदलली तर दोन वर्षांनी घर सोडताना ती तिथेच राहणार. तुम्ही का बदलाल? दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्यात देखभाल मालकाकडे आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. आणि मालकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूने घरात फेरफार करायचे नाहीत. कायदा कागदावर सरळ आहे. पण मोडकी वस्तू दुरुस्त करणं वेगळं आणि चालू खिडकीच्या जागी चांगली बसवणं वेगळं. माझ्या त्या १९८८ च्या निरोपाचं उत्तर आजही तेच मिळेल.

अमेरिकेची सवलतही या गाठीपुढे फार चालली नाही. तिचा खरा फायदा ज्याचं स्वतःचं घर आहे आणि ज्याला भरण्यासारखा कर आहे, त्याला. आणि ती टिकतही नाही. १९७८ ची सवलत १९८५ अखेर संपली, तेल स्वस्त होण्याच्या सुमारास. २००५ च्या कायद्याने ती परत आली, मध्ये खंड पडत राहिली. २०२२ च्या कायद्याने ती खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढवली, इन्सुलेशन-खिडक्यांसारख्या कामांना वर्षाला १,२०० डॉलरची मर्यादा घालून. आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांसाठी ती बंद झाली. त्यामुळे मेहुण्याचा हेवा करायचं तसं कारण उरलेलं नाही. मात्र त्याने भरलेलं इन्सुलेशन त्याच्या माळ्यावर आहे आणि ते काम करत राहील.

मग आपण काय करायचं? घर शोधताना भाडं, शाळा आणि मेट्रो यांच्या जोडीला तीन प्रश्न विचारा.

पहिला, इमारत कोणत्या साली बांधली? दुबईत २००३ च्या आधीची, मधली, की २०१४ च्या नियमानंतरची. अबू धाबीत २०१० च्या आधीची की नंतरची. वर्षावरून भिंतीच्या आत काय आहे याचा अंदाज येतो. भाडं थोडं कमी असलेली जुनी इमारत उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तो फरक वसूल करू शकते.

दुसरा, गारवा कोणाच्या बिलात? ‘चिलर फ्री’ म्हणजे तो खर्च मालकाचा. डिस्ट्रिक्ट कूलिंग असेल तर त्यात दोन भाग असतात. एक वापराचा, दुसरा ठरावीक क्षमतेचा आकार. तुम्ही दीड महिना भारतात असलात तरी दुसरा भाग चालूच राहतो. करारावर सही करण्याआधी तो आकडा लेखी मागा.

तिसरा, मागच्या ऑगस्टचं बिल दाखवता का? आधीचा भाडेकरू किंवा शेजारी बहुधा दाखवतात. ते वाचताना एक लक्षात ठेवा. दुबईत त्याच बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के घरपट्टी बारा हप्त्यांत येते. भाडं ८०,००० असेल तर वर्षाला ४,०००, म्हणजे महिन्याला ३३३ दिरहॅम. कितीही दिवे बंद केले तरी ते कमी होत नाहीत. इथे कर नाही असं आपण सहज म्हणतो, पण हा आहे.

आणि घरात राहायला गेल्यावर, भिंतीला हात न लावता जे जमतं ते करा. पश्चिमेच्या काचेला जाड पडदा, दाराखालच्या फटीला रबर, महिन्याला एकदा एसीचा फिल्टर धुणं, थर्मोस्टॅट २४ वर. वर्तमानपत्र आणि चिकटपट्टीही चालते. आमची चालली.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथे आपण बहुतेक भाडेकरू. पण आपल्यातल्या अनेकांनी पुण्यात, ठाण्यात, नाशकात किंवा गावी घर घेतलंय किंवा घेणार आहेत, परत गेल्यावर राहायला. तिथे भिंत आपली असते. बंगला असेल तर छप्परही आपलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. तेही करातून नाही, सरळ अनुदान म्हणून. फ्लॅट असेल तर गच्ची सोसायटीची, पण निदान सभेत बोलायचा हक्क तरी तुमचा आहे.

आणि तरीही काय होतं? तीस वर्षं इथे कोमट भिंतीला हात लावून कंटाळलेली आपलीच माणसं तिकडे फ्लॅट बुक करताना मार्बल, मॉड्युलर किचन आणि क्लब हाऊस बघतात. पश्चिमेची भिंत कशाची आहे, वरच्या मजल्याच्या स्लॅबवर काय घातलंय, काच एकेरी की दुहेरी, हे विचारतच नाहीत. बिल्डरलाही कुणी न विचारलेलं सांगायची हौस नसते.

यंदा सुट्टीत जाल तेव्हा विचारा. आईवडील तिथे राहत असतील तर मे महिन्यात रात्री त्यांच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. कोमट लागली, तर ती सुधारायला कुठल्या मालकाची परवानगी लागणार नाही.

आज इथेच थांबते. तुमच्या इमारतीचं साल आणि ऑगस्टचं बिल यांचा काय मेळ बसतो ते आम्हाला जरूर कळवा. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद. भेटूच.